फिरता दुरुस्तीकार व प्रतिबंधक देखभाल

अनेक यंत्रांसाठी फेरी मारणारा एकच कारागीर असताना, बंद यंत्रांच्या दुरुस्तीबरोबर चालू यंत्रांची देखभाल कधी करावी हे ठरविण्याची पद्धती. गणितात हा विषय प्रतीक्षारांगांच्या सिद्धांतात मोडतो.

उगमाबाबत मतभेद आहेत. काही लेखक रशियन गणितज्ञ खिंचिन यांच्या यंत्रांच्या सरासरी निष्क्रिय काळावरील लेखापासून (सु. १९३३) आरंभ धरतात, तर काही स्वीडिश दूरध्वनी अभियंता कॉनी पाम यांच्या १९४७ च्या लेखापासून. ॲशक्रॉफ्ट यांनी १९५० मध्ये दुरुस्तीचा वेळ स्थिर मानून उत्पादकतेची गणिते मांडली. या मांडण्यांत कारागिराच्या चालण्याचा वेळ मात्र धरलेला नाही. फिरतीलाच महत्त्व द्यायचे, तर मॅक, मर्फी व वेब यांच्या १९५७ च्या लेखापासून सुरुवात मानणे अधिक सयुक्तिक. त्यात कारागीर एकाच दिशेने, ठरलेल्या क्रमाने फिरतो. प्रतिबंधक देखभालीची जोड नंतरची. बार्लो व हंटर यांनी १९६० मध्ये वयाधारित (म्हणजे मागील दुरुस्ती वा देखभालीपासून लोटलेल्या काळावर बेतलेल्या) देखभालीची जी गणिते दिली, ती एकेकट्या यंत्राची होती.

ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. समजा, ६ यंत्रे वर्तुळाकार मांडली असून लगतच्या दोहोंत २ मिनिटांची चाल आहे. नुसती फेरी १२ मिनिटांची. प्रत्येक चालू यंत्रावर ३ मिनिटे देखभाल केली, तर कारागिराची पाठ वळताच बंद पडलेल्या यंत्राला, इतर पाचही चालू असली तरी, १२ ऐवजी २७ मिनिटे थांबावे लागते. म्हणून ठराविक वयापुढील यंत्रालाच हात लावावा आणि ती मर्यादा इतरांची प्रतीक्षा धरून ठरवावी, असा मार्ग सुचविला जातो. बिघाडाचा संभव वयाबरोबर वाढत नसेल, तर अशा देखभालीचा उपयोगच नाही. धागा तुटण्यासारखे अवचित थांबे तिने टळत नाहीत. झिजणाऱ्या भागांचे तसे नसते.

महाराष्ट्रात इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागांवर हे काम जॉबर करतो. बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) संपल्यावर माग थांबलेलाच असतो. पिकर (धोट्याला टोला देणारा भाग), पट्टे तपासण्यास व तेल देण्यास ती वेळ सोयीची.