‘सत्ता चालवा’ म्हणजे ‘ओरबाडा’ नव्हे

नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, तेव्हा एक जुना समज हमखास कानावर येतो: बायबलने माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली, म्हणून ख्रिस्ती माणसाला निसर्ग म्हणजे वापरायची वस्तू. हे खरं नाही.

आधार दिला जातो तो बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या ‘सत्ता चालवा’ या वचनाचा (अध्याय १, वचन २८, म्हणजे १:२८). पण पान उलटलं की २:१५ येतं. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. द्राक्षबागा पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला राखण म्हणजे काय, हे सांगायला नको. राखण करण्यासाठी मूळ हिब्रू क्रियापद आहे ‘शामार’. देव माणसाला जपो, या आशीर्वादातही तेच आहे! बागही देवाचीच, बायबलच्याच लेवीय या पुस्तकात (२५:२३) देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही उपरे.

ही शिकवण २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून नव्याने आली, असंही नाही. त्याचं नावच संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या तेराव्या शतकातल्या स्तोत्रातलं आहे. त्यात पाणी बहीण आहे, पृथ्वी बहीण आणि आई. गोदेला माय म्हणणाऱ्या नाशिककराला हे नातं परकं वाटू नये.