ऑल-अराउंड विजेता आणि एका साधनाचा विजेता

ऑलिम्पिकमध्ये पुरुष जिम्नॅस्टला वैयक्तिक पदक दोन मार्गांनी मिळते. ऑल-अराउंड अंतिम फेरीत 24 खेळाडू फ्लोअर, पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोड्यासारखा ठोकळा), रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार या सहाही साधनांवर उतरतात व सर्व गुणांची बेरीज होते. एकेका साधनाच्या अंतिम फेरीत मात्र पात्रता फेरीत त्या साधनावर पहिले आलेले आठ जण येतात आणि तिथे गुण पुन्हा शून्यापासून सुरू होतात. दोन्ही फेऱ्यांत एका देशाचे दोनच खेळाडू चालतात. ऑल-अराउंड विजेता सहाही साधनांवर सर्वोत्तम असणारच, हा समज यामुळेच चुकीचा ठरतो.

जपानच्या कोहेई उचिमुराने 2009 ते 2016 या काळात सहा जागतिक आणि दोन ऑलिम्पिक ऑल-अराउंड विजेतेपदे मिळवली, तरी त्याच्या सात ऑलिम्पिक पदकांपैकी एकाच साधनाचे पदक केवळ एक आहे, ते म्हणजे 2012 मधील फ्लोअरचे रौप्य. याउलट ब्रिटनच्या मॅक्स व्हिटलॉकच्या सहांपैकी चार पदके साधनांची असून त्यांतली तीन पॉमेल हॉर्सवरची आहेत. तरीही व्हिटलॉकला केवळ पॉमेलचा खेळाडू म्हणणे अन्यायाचे होईल, कारण 2016 मध्ये रिओत त्याने ऑल-अराउंडचे कांस्यही जिंकले होते.

खरा फरक कळतो तो खेळाडू पडल्यावर. पडण्याची वजावट दोन्हीकडे एका गुणाचीच, पण सहा साधनांच्या बेरजेत ती भरून काढता येते. 2008 मध्ये बीजिंगच्या ऑल-अराउंड अंतिम फेरीत उचिमुरा पॉमेलवरून दोनदा पडला आणि तरीही त्याने रौप्य मिळवले. रिओत पात्रता फेरीत हॉरिझॉन्टल बारवरून पडल्यामुळे त्या साधनाच्या अंतिम फेरीला त्याला मुकावे लागले. त्याच बारवर काही दिवसांनी, युक्रेनच्या ओलेग वेर्न्याएव्हपेक्षा जवळजवळ 0.9 गुणांनी मागे असताना, त्याने 15.800 गुण मिळवले आणि अवघ्या 0.099 गुणांनी ऑल-अराउंडचे सुवर्ण राखले. धैर्य आणि नेमकेपणा यांचा इतका सुंदर मेळ या खेळात क्वचितच पाहायला मिळाला आहे.

पुढे दुखापतींनी उचिमुराचे शरीर थकले. व्हॉल्ट आणि फ्लोअरवरून उतरताना घोट्यांवर, तर रिंग्जवर खांद्यांवर मोठा ताण येतो. सहा साधनांचा सराव म्हणजे हे सगळे ताण एकाच शरीराने वर्षानुवर्षे सोसणे. खांद्यांच्या वेदनांमुळे त्याने टोकियो ऑलिम्पिकसाठी केवळ हॉरिझॉन्टल बार निवडला. तिथे पात्रता फेरीत तो पडला आणि त्याची स्पर्धा तिथेच संपली, कारण भरपाईसाठी दुसरे साधनच उरले नव्हते.

एकाच साधनाच्या विशेषज्ञाला संघात घेणे हा देशासाठीही नाजूक हिशेब असतो. 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या सांघिक अंतिम फेरीत पाच जणांच्या संघातून प्रत्येक साधनावर तिघे उतरत होते आणि तिघांचेही गुण धरले जात होते, म्हणजे एकूण कसरती अठरा. अमेरिकेचा स्टीफन नेडोरॉसिक त्यांतली फक्त पॉमेलची एक करणार होता, म्हणून उरलेल्या सतरा कसरती चौघांनी वाटून घेतल्या. अमेरिकेला सांघिक कांस्य मिळाले आणि नंतर पॉमेलच्या अंतिम फेरीत नेडोरॉसिकलाही कांस्य मिळाले.