ग्वा शा

ग्वा शा : तेल लावलेल्या त्वचेवर बोथट, गुळगुळीत कडेची पट्टी एकाच दिशेने दाबून ओढत राहायचे आणि त्वचेखाली लाल ते जांभळट ठिपके उमटवायचे, अशी चिनी पारंपरिक वैद्यकातील बाह्योपचार पद्धती. ‘ग्वा’ म्हणजे खरवडणे. ‘शा’चा अर्थ इतका सरळ नाही, आणि या पद्धतीच्या इतिहासाचा बहुतेक गुंता त्या एका शब्दात आहे.

आज रूढ असलेल्या ‘शा’ या चित्रलिपी-अक्षरात व्याधिसूचक चिन्हाखाली वाळूचे अक्षर येते. जुन्या ग्रंथांत नुसते वाळूचेच अक्षर आढळते. डोकेदुखी, ओकारी, पोटात मुरडा, जिवाची घालमेल अशी एकाएकी उठणारी व्याधी म्हणजेही शा, आणि तिची खूण म्हणून त्वचेवर दिसणारे वाळूच्या कणांसारखे ठिपके म्हणजेही शा. त्यामुळे ‘ग्वा शा’चा अर्थ व्याधी खरवडून काढणे असा घ्यावा की ठिपके वर आणणे असा, हे संदर्भावर ठरते. आजच्या व्यवहारात दुसरा अर्थ चालतो.

उगमाबद्दल एकमत नाही. लोकप्रिय लेखनात अश्मयुगातील ‘ब्यान’ दगडांपर्यंत नाते नेतात. परंतु प्राचीन ग्रंथांतील ब्यान मुख्यतः गळू फोडण्यासाठी व रक्त काढण्यासाठी दिसतो, घासण्यासाठी नव्हे. इ. स. चौथ्या शतकातील गे होंग याच्या उपचारसंग्रहात लिंगनानकडील (दक्षिण चीन) लोक ‘वाळूच्या उवां’चा उपद्रव होताच गवताच्या पात्याने कातडी खरवडतात, असा उल्लेख आहे. हा बहुधा कीटकजन्य ज्वराचा, आजच्या भाषेत स्क्रब टायफसचा, प्रकार असावा. तेथे खरवडायचे ते कातडीत रुतलेला कीटक निघावा म्हणून. कृती सारखी व ‘वाळू’ हा शब्दही समान, म्हणून या रिवाजाची ग्वा शाशी सांगड घातली गेली असावी. त्या मानाने वेई यिलिन याच्या ग्रंथाचा (पूर्ण 1337, मुद्रित 1345) आधार अधिक भक्कम वाटतो. त्यात रॅमी या तागासारख्या वनस्पतीचे तंतू पाण्यात भिजवून मान, कोपर व गुडघे यांवर ओढावेत, त्वचेत रक्त साकळून राळ्याच्या दाण्यांएवढे लाल ठिपके दिसले की रोग्याला पांघरूण घालून पेज पाजावी व घाम येऊ द्यावा, असे सांगितले आहे.

या विषयाला वाहिलेला पहिला ग्रंथ म्हणून सामान्यतः गुओ झिसुई याच्या 1675 मधील ग्रंथाचे नाव घेतात. त्याने अवयवानुसार साधने वाटून दिली आहेत : पाठ, छाती व खांदे यांसाठी तिळाच्या तेलात बुडवलेले तांब्याचे नाणे, कपाळ व मानेमागे सुती किंवा तागासारखा दोरा, पोटाच्या मऊ भागावर मात्र हाताने मीठ चोळणे. 1817 मध्ये बंगालमधून पसरलेली पटकीची साथ 1820–21 च्या सुमारास चीनमध्ये पोचल्यावर तिलाही ‘पाय आखडवणारा शा’ असे नाव मिळाले. म्हणून निरनिराळ्या शतकांतील ‘शा’ हा एकच रोग मानणे धोक्याचे आहे.

ही कृती घरोघर मोठ्यांचे पाहून शिकली जाते व चिनी वैद्यक महाविद्यालयांतही शिकवली जाते. 2013 मध्ये तिच्या कार्यपद्धतीचे राष्ट्रीय मानक आले. म्हशीच्या शिंगाची पट्टी सर्वांत प्रचलित. घरात चिनी मातीचा चमचाही चालतो. पट्टी त्वचेशी सुमारे 45 अंशांत धरून मानेपासून पाठीकडे, वरून खाली ओढतात. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे ठिपके उमटेनात म्हणून जोर वाढवणे. काहींच्या अंगावर ते उमटतच नाहीत. तेथे थांबायचे असते. गडद रंग हे पारंपरिक दृष्टीने रक्त साचल्याचे लक्षण. ठिपके काही दिवसांत विरतात. चेहऱ्यावर फिरवायच्या जेडच्या पट्ट्यांचा सौंदर्योपचार हे अलीकडचे, बरेच सौम्य रूप. त्यात ठिपके उमटू देत नाहीत.

आधुनिक दृष्टीने हे ठिपके म्हणजे केशवाहिन्यांतून ऊतीत आलेले रक्त. अकरा निरोगी व्यक्तींवरील 2007 च्या एका प्राथमिक अभ्यासात उपचारानंतरच्या पहिल्या साडेसात मिनिटांत त्वचेतील सूक्ष्म रक्ताभिसरण चौपट झालेले आढळले. मानेच्या जुनाट दुखण्याच्या 48 रुग्णांवरील जर्मन चाचणीत (2011) आठवड्यानंतर उष्ण शेकाच्या तुलनेत आराम अधिक दिसला. पण उपचार झाला की नाही हे रुग्णापासून लपवता येत नसल्याने अशा निष्कर्षांना मर्यादा राहते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना, रक्तस्रावाची प्रवृत्ती असणाऱ्यांना व जखमी त्वचेवर हा उपचार करू नये. कातडी अखंड दिसली तरी पट्टीला रक्ताचा अंश लागू शकतो; म्हणून ती निर्जंतुक करणे आवश्यक.

व्हिएतनाममध्ये ‘काओ झो’ (वारा खरवडणे) व इंडोनेशियात नाण्याने केले जाणारे ‘केरोकान’ या जवळच्या प्रथा आहेत. व्हिएतनामी निर्वासितांच्या मुलांच्या पाठीवरील असे वळ मारहाणीचे समजले गेल्याची नोंद अमेरिकी बालरोग नियतकालिकात 1976 मध्येच आढळते.