लिबेर आणि लीबेर: एक पुस्तक, दुसरा स्वतंत्र

लॅटिन शिकायला लागलं की पहिल्या काही धड्यांतच पुस्तक भेटतं: लिबेर. थोड्या दिवसांनी 'स्वतंत्र' भेटतो: लीबेर. रोमन लिपीत दोघांची अक्षरं तीच, क्रमही तोच. शिकवण्याच्या पुस्तकांत दीर्घ स्वरावर बारीक आडवी रेघ देतात, पण मूळ ग्रंथांच्या बहुतेक छापील आवृत्त्यांत ती नसते. मग 'सेर्वुस लीबेर नोन एस्त' हे वाक्य आलं की 'गुलाम पुस्तक नाही' असा विचित्र अर्थ लागतो. अर्थ आहे, 'गुलाम स्वतंत्र नाही'.

इथे देवनागरी आपल्या मदतीला येते. आपण दिन आणि दीन वेगळे लिहितो, तसेच हे दोन्ही शब्द वहीत देवनागरीत उतरवून ठेवावेत. फक्त बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, ते लॅटिनमध्ये पाळावंच लागतं. लीबेरमधला 'ली' चांगला लांबवायचा.

पण खरी ओळख पटते ती विभक्ती लागल्यावर. मराठीत 'लाकूड'ला प्रत्यय लागला की मधला ऊ जातो: लाकडाला, लाकडाचा. 'गुलाब'चं तसं होत नाही, त्यातला आ गुलाबाला, गुलाबाचा असा टिकून राहतो. पुस्तकवाचक लिबेर हा लाकडाच्या जातीचा, त्याचा ए गळतो:

लिबेर इन मेन्सा एस्त. (पुस्तक टेबलावर आहे.)
पुएर लिब्रुम लेगित. (मुलगा पुस्तक वाचतो.)
पागिना लिब्री. (पुस्तकाचं पान.)

दुसरा लीबेर गुलाबासारखा आहे, त्याचा ए हलत नाही: लीबेरुम, लीबेरी, लीबेरो. म्हणजे ब नंतर लगेच र आला तर पुस्तक आणि मध्ये ए शिल्लक असेल तर स्वतंत्र. हा नियम मला रेघेपेक्षाही भरवशाचा वाटतो, कारण रेघ नसलेल्या पानावरही तो चालतो.

लिबेरचा जुना अर्थ झाडाच्या सालीचा आतला थर. पपायरस येण्याआधी लोक सालीवर लिहीत, अशी रोमनांची समजूत होती. भूर्जपत्र माहीत असलेल्या आपल्याला साल ते पुस्तक हा प्रवास समजावून सांगावा लागत नाही.

लीबेरचं अनेकवचन लीबेरी. त्याचा आणखी एक अर्थ आहे, घरातली मुलंबाळं. रोमन घरात गुलामही असत. त्यांच्याहून वेगळी, स्वतंत्र म्हणून जन्मलेली ती लीबेरी, असं याचं स्पष्टीकरण देतात. या अर्थाने शब्द बहुधा अनेकवचनीच येतो. एकच मूल सांगायचं तर फीलिउस (मुलगा) किंवा फीलिआ (मुलगी) म्हणतात.

लॅटिनच्या लेकींनीही ही जोडी जवळजवळच ठेवली आहे. गोव्यात शतकानुशतकं चाललेल्या पोर्तुगीजमध्ये पुस्तक म्हणजे लिव्रु आणि स्वतंत्र म्हणजे लिव्र. स्पॅनिशमध्ये लिब्रो आणि लिब्रे. दोन्हीकडे फरक शेवटच्या स्वराचा.

अडचण उरते ती प्रथमेच्या एकवचनात, कारण तिथे दोन्हींचा ए जागेवर असतो. रेघ नसेल तर 'हिक लिबेर एस्त' म्हणजे 'हे पुस्तक आहे' की 'हा स्वतंत्र आहे', ते एकट्या वाक्यावरून सांगता येत नाही. शेजारचा शब्द पाहायचा. 'हिक लिबेर मेउस एस्त' असेल तर मेउस, म्हणजे 'माझं', आलंय, तेव्हा पुस्तक. 'हिक होमो लीबेर एस्त' असेल तर होमो, म्हणजे माणूस, आलाय, तेव्हा स्वतंत्र.

दोन्ही शब्द एकत्र घोटायला मी हे वाक्य मोठ्याने म्हणायला सांगते: लीबेरी लिब्रोस लेगुन्त. मुलं पुस्तकं वाचतात. पहिल्या शब्दात 'ली' लांब आणि ए शाबूत, दुसऱ्यात 'लि' आखूड आणि ए गायब.