उठबस-साहाय्य, वृद्धाश्रमातील

परावलंबी वृद्धांना पलंग, चाकांची खुर्ची व कमोड खुर्ची यांदरम्यान हलविण्याची परिचर्या. पुण्यात निराधार-पंगूंचा संस्थात्मक सांभाळ निदान १८६० च्या दशकापासून चालत आला आहे (डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, आजचे ‘निवारा’). वृद्धाश्रमांत हे काम प्रामुख्याने मावशी आणि मामा (स्त्री व पुरुष मदतनीस) करतात.

वृद्धाला उचलायचे नसते. त्याच्या उरलेल्या बळावर उठू द्यायचे असते. खुर्ची पलंगाशी ३० ते ४५ अंशांत लावून दोन्ही ब्रेक दाबतात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवतात. त्या तशाच राहिल्या तर नडगी सोलवटते आणि पातळ त्वचेवरची जखम लवकर भरत नाही. कुशीवर वळवून बसते केल्यावर एक-दोन मिनिटे थांबावे. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिमी पाऱ्याने उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत तो अधिक. मग बैठक पलंगाच्या कडेला, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, आणि नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुकणे. हे झुकणे राहिले की सगळा भार मावशींच्या कमरेवर येतो. आधार वृद्धाच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरून द्यावा. काखेत हात घालून ओढणे सर्वांत घातक: लुळा खांदा त्याने निखळू शकतो.

पक्षाघातात खुर्ची कोणत्या बाजूला असावी, यावर मतभेद आहेत. रूढ मत चांगल्या बाजूचे. बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने लंडनमध्ये, साधारण १९४० च्या दशकापासून, विकसित केलेल्या पद्धतीत मात्र लुळ्या बाजूकडे वळण्यावर भर असतो. त्या पायावर भार पडल्याने हालचाल सुधारते, असे तिचे समर्थक मानतात. फिजिओथेरपिस्ट सोबत असताना हे योग्यच. रात्री एकट्या मावशींनी आजींना कमोडवर बसवताना मात्र चांगली बाजूच सुरक्षित वाटते. परतताना खुर्ची उलट्या दिशेने लावावी लागते. अरुंद खोलीत नेमके हेच राहून जाते.

माणूस हाताने उचलताना एका व्यक्तीवर सुमारे १६ किलोंहून अधिक भार येऊ नये, अशी मर्यादा २००७ मध्ये अमेरिकेत सुचविली गेली. पायांवर अजिबात भार न घेणाऱ्यांसाठी म्हणून झोळीचे उचलयंत्र आणि दोन माणसे लागतात. पलंगावर वर सरकवतानाही दोघांनी अंगाखालची आडवी चादर धरावी. नुसते ओढल्यास माकडहाडावरची कातडी घासून शय्याव्रण होते.

ठेंगण्या दिवाणाखाली लाकडी ठोकळे बसवून उंची वाढवता येते. हात नसलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणि ओली शहाबादी फरशी टाळावी.