लिनक्सवर दोन माइक जुळत का नाहीत : पार्श्वभूमी

दोन यूएसबी माइक आणि संगणकाचा स्वतःचा आवाज एकदम रेकॉर्ड करायला घेतला की सुरुवातीला सगळं सुरळीत वाटतं. तासाभराने मात्र एकच टाळी दोनदा ऐकू येते. शंका लगेच सॉफ्टवेअरवर जाते, पण मूळ कारण माइकच्या पोटात आहे. प्रत्येक माइकचं घड्याळ म्हणजे त्यातला क्वार्ट्झ स्फटिक, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. दोघंही 48000 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48000 नमुने, सांगतात, पण प्रत्यक्षात दहा लाखांत 50 चा फरक सहज पडू शकतो, म्हणजे तासाला 0.18 सेकंद.

लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेने या प्रश्नाकडे बराच काळ लक्षच दिलं नाही. 1992 मध्ये हन्नू सावोलाइनेन यांनी सुरू केलेल्या साउंड कार्डाच्या ड्रायव्हरमधून (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) पुढे ओएसएस ही ध्वनिव्यवस्था आली. तिथे बहुतेक कार्डांवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला आवाज मिळे. यारोस्लाव्ह किसेला यांचं आल्सा 2003 च्या 2.6 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तिच्या जागी मुख्य झालं. आल्साच्या 'मल्टी' प्लगइनने दोन कार्डं एकच असल्यासारखी दाखवता येतात, आणि अनेक जण इथेच फसतात: चॅनेल जोडले जातात, घड्याळं नाही.

प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्यामध्ये बसणाऱ्या, पॉल डेव्हिस यांच्या जॅकने वेगळा पवित्रा घेतला: सगळे प्रोग्रॅम एकाच कार्डाच्या तालावर. स्टुडिओसाठी हे उत्तम; दुसरं कार्ड जोडायचं तर मात्र मध्ये रिसॅम्पलिंग करणारं, म्हणजे नमुन्यांचा वेग बदलून देणारं, वेगळं साधन हवं. लेनार्ट पॉटरिंग यांच्या पल्सऑडिओ या तशाच मधल्या प्रोग्रॅमने घरगुती वापरकर्त्याचा विचार केला. 'मॉनिटर' सोर्समुळे संगणकात वाजणारा आवाज पकडणं सोपं झालं. 2007-08 मध्ये फेडोरा आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांनी तो घाईने पुढे केला आणि शिव्या त्याने खाल्ल्या, पण निम्मा दोष आधीपासूनच कच्च्या असलेल्या ड्रायव्हरांचा होता, असं माझं मत.

विम टेमन्स यांचं पाइपवायर सुरू झालं ते व्हिडिओसाठी. 2021 मध्ये फेडोरा 34 ने आवाजही त्याच्याकडे सोपवला. त्यात एकमेकांशी जोडलेल्या उपकरणांपैकी एकाचं घड्याळ प्रमाण धरतात आणि बाकीच्यांचा आवाज रिसॅम्पल करून त्याच्याशी जुळवत राहतात. त्यामुळे टाळी आता सहसा एकदाच ऐकू येते. तरी तडतड झालीच, तर टर्मिनलवर 'पीडब्ल्यू-टॉप' (pw-top) चालवून त्रुटींचा रकाना पाहावा. आकडा वाढत असेल, तर ठरलेल्या वेळेत काम उरकत नाहीये. बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) वाढवून बघायचा.