ओएलईडी टीव्ही

सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोडवर, म्हणजेच ओएलईडीवर चालणारा दूरचित्रवाणी संच. या पडद्याच्या मागे दिवा नसतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका (पिक्सेल) स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो. फोर-के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. या पडद्याचे देखणेपण आणि त्याचे दुखणे ही दोन्ही याच रचनेतून येतात.

लातूर-नांदेडच्या दुकानांत ‘एलईडी’ म्हणून मिळणारा नेहमीचा टीव्ही मुळात एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकांच्या पडद्याचा, असतो. त्यात मागे एलईडी दिवे जळत असतात आणि पुढचे द्रवस्फटिक तो उजेड कमी-जास्त अडवतात. बाजारातला ‘क्यूएलईडी’ही बहुतेक वेळा याच कुळातला. खिडकीला पडदा ओढला तरी उन्हाची तिरीप आत येतेच, तसा काळ्या जागेतूनही थोडा उजेड झिरपतो. महाग संचांत मागचे दिवे गटागटाने मंद करता येतात, पण एकेका गटाच्या वाट्याला हजारो ठिपके येतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे चित्रण दोन्ही पडद्यांवर शेजारी-शेजारी लावून पाहावे. एलसीडीवर चित्राभोवतीचा अंधार राखाडी दिसतो. ओएलईडीवर ते ठिपके पूर्ण बंद असल्याने अंधार काळाच राहतो आणि मुकुटाचे, खांद्याचे रंग त्यातून उठून येतात. असा काळा रंग दुसऱ्या फार थोड्या पडद्यांना जमतो.

प्रत्येक ठिपक्यात दोन विद्युत अग्रांच्या मध्ये कार्बनी संयुगांचे अतिशय पातळ थर असतात. सगळे मिळूनही त्यांची जाडी एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) कमी भरते. काही व्होल्टचा दाब दिला की ऋणाग्राकडून इलेक्ट्रॉन आत येतात. धनाग्र दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉन काढून घेतो, आणि मागे उरलेल्या रिकाम्या जागा, ज्यांना होल म्हणतात, त्या थराथरांतून पुढे सरकतात. मधल्या थरात दोघांची गाठ पडते आणि जादाची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. रंग कोणता, हे त्या थरातला रेणू ठरवतो. साध्या रेणूंत इलेक्ट्रॉन आणि होलच्या अशा चार जोड्यांपैकी सरासरी एकीचाच प्रकाश होतो, बाकीची ऊर्जा उष्णतेत जाते. इरिडियमची संयुगे वापरली की उरलेल्या तिन्हींचाही प्रकाश मिळवता येतो. लाल आणि हिरव्या रंगात हे साधले. निळ्यात मात्र असे रेणू लवकर झिजतात, आणि निळा हाच या तंत्राचा सर्वांत अवघड रंग राहिला आहे.

पहिला उपयोगी ठरलेला ओएलईडी ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी बनवला व १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. सोनीने २००७ मध्ये ११ इंची टीव्ही आणला, तर एलजीचा ५५ इंची संच २०१३ मध्ये बाजारात आला. एलजीच्या मोठ्या पडद्यांत सगळे ठिपके पांढरा प्रकाश देतात आणि वरच्या गाळण्या (फिल्टर) त्याला रंग देतात. २०२२ पासून मिळणाऱ्या क्यूडी-ओएलईडीत मूळ प्रकाश निळा असतो. क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण, त्याचेच लाल आणि हिरव्यात रूपांतर करतात.

सेंद्रिय थर वापराने झिजतात. जो ठिपका जास्त जळतो तो आधी मंदावतो, आणि स्थिर चित्राचा ठसा पडद्यावर कायमचा उमटतो. यालाच बर्न-इन म्हणतात. ज्या घरात, हॉटेलात दिवसभर बातम्यांचेच चॅनल चालू असते, तिथे वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी हे काम चोख करतात. उष्णतेने झीज वाढते. परभणी, जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत हा संच पूर्ण उजेडावर तासन्‌तास चालवणे त्याच्या जिवावर बेतते. भिंतीशी हवा खेळती ठेवावी आणि ब्राइटनेस उतरवून पाहावे.

झीज भरून काढण्याची सोय संचातच असते. एलजीच्या संचांत एकूण सुमारे ४ तास पाहून झाल्यावर टीव्ही रिमोटने बंद केला की तो आतल्या आत ठिपक्यांना प्रवाह पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरांची मोजणी (तपासणी) करतो आणि ठिपक्यांचा प्रवाह जुळवून घेतो. याला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ वीज लागते. आपल्याकडे मात्र रात्री झोपताना बोर्डावरचे बटणच बंद करायची सवय, त्यात लाइटीचा भरवसा नाही, म्हणून ही मोजणी राहून जाते. अवकाळीत विजा कडाडू लागल्या की पिन काढणे योग्यच आहे. एरवी रिमोटने बंद करावे, बोर्डावरचे बटण चालू ठेवावे आणि दाब कमी-जास्त होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर लावावा.